बिशपसाहेबांच्या खोक्यातलं एक पत्र : वर्धा, नालवाडी, सेलू, गिरड

वर्ध्याला निघालोय म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. एक, "कुणाचं लग्न आहे का?" आणि दोन, "उन्हाळ्यात नाही ना जात?" आमच्याकडे लग्न नव्हतं आणि जानेवारीचे शेवटचे दिवस होते. तरी मी चार दिवसांची रजा टाकून, चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना बरोबर घेऊन वर्ध्याची तिकिटं काढली, त्याचं कारण एक पुठ्ठ्याचं खोकं.

मी एका छोट्या ग्रंथालयात जुन्या कागदांची यादी करण्याचं काम करते. गेल्या वर्षी आमच्याकडे वर्ध्याहून अकरा खोकी आली. बिशप शांतवन वाघमारे नावाच्या गृहस्थांचे सगळे कागद त्यांत होते. बिशप म्हटल्यावर मला प्रवचनं, प्रार्थना, चर्चचे हिशोब असं काहीसं अपेक्षित होतं. निघालं भलतंच. हे गृहस्थ चर्चपेक्षा तहसील कचेरीच्या बाकावर जास्त बसलेले दिसत होते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांना रेशनकार्ड मिळावं म्हणून अर्ज, विहिरीवर सगळ्या वस्तीला पाणी भरू द्यावं म्हणून अर्ज, शेतमजुरांना घराला जागा द्या, शाळेचं छप्पर गळतं, म्हाताऱ्या बायांना चढ चढावा लागतो तेव्हा बसचा थांबा खाली आणा. प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी ठेवलेली. मध्येच एक लिंबाच्या लोणच्याची कृती, तीही टाइप केलेली, तिचीही कार्बन कॉपी!

एक गोष्ट मला कळत नव्हती. एका ठरावीक काळानंतर प्रत्येक कॉपीच्या तळाशी डावीकडे हातानं लिहिलेलं असे, 'वाचून दाखवले', आणि त्याखाली ज्याच्यासाठी अर्ज लिहिला त्याची सही किंवा अंगठा. आधीच्या पत्रांवर हे कुठंच नाही. ऑफिसची काहीतरी पद्धत बदलली असेल, असं समजून मी पुढं गेले.

सातव्या खोक्यात ते पत्र सापडलं. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, गोल अक्षर. "माननीय बिशपसाहेब, शाळेत येणाऱ्या तुमच्या पुस्तकांच्या पेटीतून दर वेळी दोन पुस्तकं नेते ती मी सुमन ताकसांडे, नववी. माझं लग्न ठरवलं आहे. मला दहावी करायची आहे. तुम्ही मोठे आहात, काहीतरी करा. पत्र वाचल्यावर फाडून टाका." त्याला टाचणीनं आणखी दोन कागद जोडलेले होते. बिशपांनी सुमनच्या वडिलांना लिहिलेल्या विनंतीपत्राची कॉपी, आणि वडिलांचं उत्तर. उत्तर म्हणजे निव्वळ शिव्या होत्या, खाली अंगठा. पुढं काहीच नाही. लग्न झालं की थांबलं, खोक्याला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून हे सगळे कागद स्कॅन होऊन कुणालाही वाचता येणार होते. आमचे ग्रंथपाल भले माणूस आहेत. ते म्हणाले, "नाव झाकून टाका, झालं." पण गाव, शाळा, इयत्ता सगळं तिथंच होतं, आणि ते 'फाडून टाका' मला काही केल्या ओलांडता येईना. ते पत्र फाडलं गेलं नाही म्हणूनच तर माझ्या हातात होतं.

घरी बाबांना सांगितलं. बाबा पोस्टमन होते, एकतीस वर्षं. त्यांनी फक्त विचारलं, "पत्ता आहे?"

"आहे, पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा."

"मग काय झालं? गाव काय उठून जातंय? मी येतो."

तर असे आम्ही निघालो.

पहिला दिवस : तर्री आणि नालवाडी

पुण्याहून संध्याकाळी बसलं की सकाळी वर्धा येतं. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आणि काही गाड्या एकावर थांबतात, काही दुसऱ्यावर. तिकीट नीट बघा. आम्ही नीट बघितलं नव्हतं, त्यामुळे सेवाग्रामला उतरून ऑटोनं वर्ध्यात आलो. फारसं बिघडत नाही, जेमतेम वीस मिनिटं आणि थोडी घासाघीस.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन खाटांची स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळाली. सामान टाकून खाली आलो तर समोरच्या गाडीवर पोह्यांवर लाल रस्सा ओतण्याचं काम चाललं होतं. ती तर्री. बाबा पोहे म्हणजे लिंबू-खोबऱ्याचे असं मानणारे. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला त्यांनी रुमाल काढला आणि तिसऱ्यानंतर प्लेट पुढं करून म्हणाले, "अजून थोडी घाला." शेजारी सांबारवडी अशी पाटी होती. सांबारात बुडवलेली वडी असेल म्हणून बाबांनी "सांबार वेगळं द्या" असं सांगितलं, तेव्हा गाडीवाल्या बाई खो खो हसल्या. इकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. वडी कोथिंबिरीची होती, आणि अशी वडी मी आजवर खाल्लेली नाही.

नालवाडी गावाला लागूनच आहे, ऑटो दहा-पंधरा मिनिटांत सोडतो. निवृत्तीनंतर बिशपसाहेब इथं इंदूकाकू झाडे यांच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. शेवटपर्यंत इथंच. खोकी आम्हाला पाठवली तीही काकूंनीच. काकू सत्तरीच्या, शेतकरी घरातल्या, ठसठशीत बांध्याच्या आणि बोलायला मोकळ्या. आम्ही दारात उभे राहतो न राहतो तोच त्या म्हणाल्या, "आलात जी? बसा ना. मले वाटलं, खोकी परत घेऊन आलात का काय!"

बिशपांची खोली आता काकूंच्या नातीची अभ्यासाची खोली झाली आहे. भिंतीवर टंकयंत्राच्या टेबलाचा चौकोनी डाग तेवढा राहिला आहे.

"पाच वाजता पहाटे खडखड चालू होये," काकू सांगत होत्या. "मी म्हनो, साहेब, कोंबड्यालेबी लाज वाटून राह्यली. तर म्हने, काकू, कलेक्टर साडेदहाले येते, त्याच्या आधी माहं पत्र तयार पाहिजे."

"चिडायचे का कधी?" बाबांनी विचारलं.

"चिडे ना! माह्यावर चिडे. मी एक डाव त्यायच्या टेबलावरचा कागद नातीले चित्र काढाले देल्ला. त्या दिवशी जेवले नाई. म्हने, काकू, मानसं आपला जीव कागदावर ठेवून जाते माह्याजवळ." मग काकूंनी नातीच्या वह्या नीट लावल्या. "मानूस चांगला होता. पन हट्टी."

मी सुमन ताकसांडेबद्दल विचारलं, फक्त नाव. काकूंनी बराच वेळ आठवलं. ताकसांडे सेलूकडच्या एका खेड्यात आहेत एवढं त्यांना माहीत होतं, कारण बिशपांच्या अंत्यविधीला तिथून टेम्पो भरून माणसं आली होती. "अन् एक बाई आलती, नर्ससारखी. कोनाशीच बोलली नाई. उभी राह्यली अन् चालली गेली."

जेवल्याशिवाय सुटका नव्हती. निघताना काकूंनी गोरसपाकाचा पुडा हातात ठेवला. हा वर्ध्याचा खास पदार्थ, बिस्किट आणि मिठाई यांच्या मधलं काहीतरी, तुपाचा. पुण्याला न्यायचा होता. लॉजवर पोचेपर्यंत अर्धा संपला.

दुसरा दिवस : सेलू, आणि मी केलेली घाई

वर्ध्याहून सेलूला नागपूरच्या रस्त्यानं एसटी जाते, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कापसाची झाडं, बोंडं फुटलेली. कापूस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेनं इतक्या फुगून चालल्या होत्या की एकीला ओव्हरटेक करताना आमच्या बसच्या खिडकीत कापसाचे पुंजके आले. बाबांनी एक पकडला आणि खिशात ठेवला.

सेलूतून शेअर ऑटोनं ते खेडं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तसं कबूल केलं आहे. ऑटोतून उतरल्यावर बाबांमधला पोस्टमन जागा झाला. कुणाला विचारायचं, काय विचारायचं आणि काय नाही, हे ते ठरवत होते. केशकर्तनालयात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका आजोबांपाशी गेले, आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग ताकसांड्यांची. पाच मिनिटांत आम्ही विहारामागच्या एका पक्क्या घराच्या ओट्यावर होतो.

घर सुमनच्या धाकट्या भावाचं, रमेशभाऊंचं. पन्नाशीचे, अंगणात तुरीच्या पेंढ्या उन्हात पसरत होते. पाणी दिलं, पण कपाळावरची आठी जाईना.

"सुमनताई माहीच बहीन. तुमाले काऊन पाहिजे?"

मी म्हटलं, बिशपसाहेबांच्या कागदांमध्ये त्यांचं एक पत्र सापडलंय.

"कसलं पत्र?"

"शाळेत असतानाचं."

"काय लिवलं हाय त्याच्यात? दाखवा ना, मी भाऊ हाय तिचा."

खरं सांगते, मी फाइल उघडली होती. ते सख्खे भाऊ, घरचे, शहाण्या चेहऱ्याचे. इतक्या लांबून आल्यावर विश्वास मिळवायचा तर काहीतरी दाखवायला हवं, असं मला वाटलं. झेरॉक्सचं पान निम्मं बाहेर आलं होतं. बाबांनी फाइलवर हात ठेवला. मोठ्यानं नाही, अगदी सहज.

"भाऊ, राग मानू नका," ते रमेशभाऊंना म्हणाले. "मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. ज्याच्या नावाचं त्याच्या हातात, हा आमचा नियम. ताईंना फोन लावा. त्या म्हणाल्या तर आत्ता इथं वाचून दाखवू."

रमेशभाऊंनी आमच्याकडे बघितलं. मग फोन घेऊन गोठ्याकडे गेले. बराच वेळ उभे होते. परत आले तेव्हा आठी तशीच होती, पण आवाज बदलला होता.

"ताई गिरडले राह्यते. म्हने, उद्या पाठव त्यायले. अन् कागद तू वाचू नको." शेवटचं वाक्य सांगताना ते स्वतःच हसले. "लहानपनापासून अशीच हाय थे. जेवून जा जी आता, कोरडे नका जाऊ."

परतीच्या बसमधून आम्ही पवनारला उतरलो. धाम नदीच्या काठच्या काळ्या खडकांवर दुपारी बसायला फार छान वाटतं, पाणी दगडांमधून खळखळत जातं आणि संत्री विकणारे वर रस्त्यावर असतात. बाबा फोड सोलत होते.

"मी दाखवलं असतं," मी म्हटलं.

"हो, दिसत होतं."

"घाई झाली."

"होते." त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं आणि खडकावर आडवे होऊन टोपी तोंडावर घेतली.

तिसरा दिवस : गिरड

गिरड समुद्रपूर तालुक्यात आहे. वर्ध्याहून एसटीनं हिंगणघाट, तिथून समुद्रपूरकडची गाडी आणि पुढं मिळेल ते. थेट बस मिळाली तर नशीब समजा, नाहीतर जायला तीन तास धरा. सकाळी सातला निघा आणि पाण्याची बाटली भरून घ्या.

टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे आणि लांबूनच दिसतो. सगळ्या धर्मांची माणसं येतात. पायथ्याशी सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याच्या मालाचे बाबांनी दगड केले, अशी गोष्ट तिथले लोक सांगतात. आमच्या बाबांनी चार दगड उचलले, निरखले आणि तीन परत ठेवले.

सुमनबाई थूल यांचं घर टेकडीच्या खालच्या अंगाला आहे. दारात तुळस नाही, पण झेंडूची रांग आहे, आणि त्या झेंडूंना पाणी घालत त्या उभ्या होत्या. साठीच्या, किरकोळ बांधा, पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा. तीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांचे यजमान वामनभाऊ आम्हाला बघून आतूनच ओरडले, "या जी या! पुन्याची मानसं, साखर कमी का जास्त?"

सुमनबाईंनी चहा येईस्तोवर काही विचारलं नाही. मग हात पुढं केला. मी झेरॉक्स दिली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग पहिला प्रश्न आला तो सरळ माझ्या अंगावर.

"मी फाडून टाका म्हंतलं होतं. मंग फाडलं काऊन नाई त्यायनं?"

"ते कागदांवरून कळत नाही," मी म्हटलं.

"लग्न थांबलं का?" बाबांनी हळूच विचारलं.

"कुठचं थांबते!" त्या हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "साहेबानं माह्या बापाले पत्र लिवलं. चांगलंच लिवलं असन. पन त्याच्यात माहं नाव टाकलं, का तुमच्या सुमननं मले कळवलं म्हनून. बापाले वाचता येत नोतं. गावातल्या एका मास्तरानं चार लोकायसमोर वाचून दाखवलं. बापाची मान खाली गेली. त्या दिवशी मले मार बसला, शाळा बंद, अन् पंधरा दिवसांत लग्न. ठरल्या तारखेच्याबी आधी."

वामनभाऊ चहाचे कप गोळा करत होते. ते म्हणाले, "मले त काईच माहीत नोतं. मी सतरा वर्साचा. मले वाटलं, आपलीच घाई हाय." सगळे हसलो, आणि त्या हसण्यानं खोलीतली हवा जरा सैल झाली.

"दोन महिन्यांनं साहेब आले, अथीच," सुमनबाई पुढं सांगू लागल्या. "मी अंगनात तुरी झोडपून राह्यलती. जीप थांबली. सासऱ्याले म्हने, तुमच्या सुनेशी दोन शब्द बोलाचे हायेत, तुमच्यासमोरच बोलतो. अन् माह्यापुढे हात जोडले. पंधरा वर्साच्या पोरीपुढे. म्हने, 'बाई, मी तुमाले न इचारता तुमचं नाव लिवलं. चूक झाली माझी.' मी कायच बोलली नाई. काठी ठेवली अन् आत निंगून गेली."

"राग?" मी विचारलं.

"चार वर्सं. चांगला चार वर्सं." बोट वर करून त्यांनी मोजून दाखवलं. "मोठी पोरगी दोन वर्साची झाली तवा मी बाहेरून दहावी केली, ह्यायनंच फारम आनला होता." त्यांनी वामनभाऊंकडे हनुवटी केली. "मंग नर्सिंगले अर्ज कराचा होता. दुसरं कोन लिवून देनार? गेली वर्ध्याले. साहेबानं अर्ज लिवला, अन् मले म्हने, बस, वाचून दाखवतो. मी म्हंतलं, मले वाचता येते. म्हने, येत असन, पन आता मी वाचून दाखवल्याशिवाय कोनाचंच पत्र पाठवत नाई. तुह्यापासून."

मी बाबांकडे बघितलं. अकरा खोकी, शेकडो कॉप्या, आणि त्या काळानंतरच्या प्रत्येकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तेच दोन शब्द. मी त्याला ऑफिसची पद्धत समजले होते. बाबांनीच त्यांना ते सांगितलं.

"समद्यायवर?" सुमनबाईंनी विचारलं.

"त्यानंतरच्या सगळ्यांवर."

त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत राहिला. वामनभाऊ म्हणाले, "येईन. तिले कामात हात लागला का बरं वाटते."

परत आल्या त्या जेवणाची ताटं घेऊनच. वांग्यात सोले, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, ज्वारीची भाकर, आणि सोलेभात. जानेवारीत विदर्भात गेलात आणि सोले न खाता परतलात तर तुमचा प्रवास वाया गेला असं समजा. आणि जेवताना त्यांनी अर्जाची उरलेली गोष्ट सांगितली. "साहेबानं लिवलं होतं, 'सदर अर्जदार गरीब व होतकरू आहे.' मी म्हंतलं, गरीब काढा. म्हने, बाई, गरीब लिवलं का दया येते. मी म्हंतलं, दया नाई पाहिजे, मार्क लिवा, बासष्ट टक्के हायेत. खूप हसले. काढलं मंग."

जेवणानंतर मी मुद्द्यावर आले. पत्र ठेवायचं, नाव झाकायचं की खोक्यातून काढून त्यांच्या हवाली करायचं? त्या म्हणतील ते मी ग्रंथपालांपुढे मांडणार होते, त्यासाठी भांडायचीही तयारी होती. सुमनबाईंनी झेरॉक्सचं तिसरं पान उचललं. वडिलांचं उत्तर. ते त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. वाचता वाचता त्यांचा चेहरा ताठ झाला.

"हे माह्या बापाचे शब्द नोत," त्या म्हणाल्या. "मारलं त्यानं, थे खरं हाय. मी खोटं नाई सांगत. पन असं बोलनं त्याच्या तोंडात नोतं. कधीच नोतं. हे मास्तरानं आपल्या मनानं लिवलं अन् त्याचा अंगठा घेतला. त्याले कोनं वाचून दाखवलं असन?"

बाहेर टेकडीवरून कव्वालीचा लांबचा आवाज येत होता.

"ठेवा समदं," शेवटी त्या म्हणाल्या. "माहं नावबी ठेवा. साहेबाची चूकबी ठेवा, झाकू नका. फक्त गावाचं नाव झाका, तथी रमेशची लेकरं राह्यतात. अन् माहा एक कागद त्याच्यासंग लावा. मी सांगतो तसं लिवा."

माझं अक्षर वाईट, म्हणून बाबांनी लिहिलं. पोस्टातलं टपोरं अक्षर, एक पान. त्यात सुमनबाईंनी सांगितलं की हे पत्र माझं, ते फाडलं गेलं नाही याचा मला आधी राग होता आणि आता नाही. माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या अंगठ्यावरचे शब्द त्यांचे धरू नयेत. आणि मी नर्स म्हणून तीस वर्षं नोकरी केली. 'तीस' हा शब्द त्यांनी बाबांना दोनदा ठळक करायला लावला. बाबांनी पान मोठ्यानं वाचून दाखवलं. सुमनबाईंनी एक चूक काढली, सही केली आणि तारीख घातली.

निघताना वामनभाऊंनी तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. "येजा पुन्हा," सुमनबाई म्हणाल्या, आणि मग बाबांना, "तुमी बरं केलं, माह्या भावाले नाई दाखवलं."

परत

चौथ्या दिवशी गाडीत बसलो तेव्हा सामान दुप्पट झालं होतं. शेंगा, संत्री, दोन पुडे गोरसपाक आणि एक दगड. एकूण खर्च म्हणाल तर दोघांचा मिळून एका बऱ्या हॉटेलातल्या दोन रात्रींपेक्षा कमीच झाला. जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, एसटीनंच फिरा, आणि जेवायला बसा म्हणालं कुणी तर नाही म्हणू नका.

पुण्यात ग्रंथपालांनी सुमनबाईंचं पान वाचलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाले, "बाकीच्यांचं काय?" आता आम्ही खासगी पत्रं आधी वेगळी काढतो आहोत, आणि ज्यांची माणसं सापडतील त्यांना विचारल्याशिवाय स्कॅनिंगला देत नाही. काम लांबलं आहे. बाबा आठवड्यातून दोन दिवस येतात, पत्ते लावून देतात, पगार मागत नाहीत, फक्त चहाची तक्रार करतात. नवव्या खोक्यात नर्सिंगच्या अर्जाची कॉपीही मिळाली. 'गरीब व' वर रेघ मारलेली, समासात टक्के.

मी या कामात सोळा वर्षं आहे. कागद हाताळताना हातमोजे घालावेत, टाचण्या काढाव्यात, ऊन लागू देऊ नये, हे सगळं मला येत होतं. त्या कागदाचं कुणीतरी अजून झेंडूला पाणी घालत असेल, हे मात्र मी कधी धरून चालले नव्हते. बिशपसाहेब मला आता पूर्वीपेक्षा जास्त आवडतात. चुकल्यावर जीप घेऊन गेले म्हणून.

मार्चमध्ये सुमनबाईंचा फोन आला. नात पुण्यात शिकायला आहे, तिच्याकडे येते आहे, तुमचं ग्रंथालय किती वाजता उघडतं? ठरल्या दिवशी दहा वाजता दारात हजर. मी मूळ पत्र मेजावर ठेवलं. त्यांनी ते थोडा वेळ बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि बाजूला सरकवलं.

"हे झालं वाचून," त्या म्हणाल्या. "त्या पेटीतून पुस्तकं नेनाऱ्या आमी सात जनी होतो. त्यायनंबी काई लिवलं होतं का, थे पाहाचं हाय. दोघी अजून हायेत. मी स्वतः इचारून येईन त्यायले."

वाचकांच्या नोंदवहीत नाव, गाव लिहून झालं. पुढचा रकाना होता 'संशोधनाचा विषय'. पेन तिथं थांबलं.

"अथी काय लिवू?"

"तुम्हाला जे शोधायचंय ते."

त्यांनी चष्मा नीट केला आणि गोल अक्षरात लिहिलं, 'आमच्या वर्गातल्या मुली'. मग खुर्ची पुढं ओढून बसल्या, आणि मी पहिलं खोकं आणायला गेले.